अडखळत्या वाणीची पाठशाळा

मनुष्याला वाचा फुटली तेव्हापासून ती अडखळतही आली असली पाहिजे. ‘पाणी’ म्हणावयाचे असता ‘प-प-पाणी’ असा पहिला वर्ण पुन्हा पुन्हा यावा, ‘साखर’ म्हणताना ‘स’ लांबतच जावा, किंवा ओठ मिटलेले राहून शब्दच बाहेर पडू नये, ह्या तीन प्रकारांना आपण तोतरेपणा म्हणतो. आपल्याकडे सुश्रुताने वातव्याधींमध्ये मूक, मिन्मिण आणि गद्गद असे वाणीचे तीन विकार एकत्र सांगितले असून, शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या कफयुक्त वायूने आवृत झाल्या म्हणजे ते होतात, अशी त्यांची उपपत्ती दिली आहे. वेदपठणाचे नियम सांगणाऱ्या शिक्षाग्रंथांत पाठकाच्या दोषांमध्ये ‘शंकित’ आणि ‘भीत’ हे दोषही मोजलेले आहेत. बोलणाऱ्याच्या मनातील भय त्याच्या उच्चारात उतरते, ही जाणीव त्यामागे दिसते. आणि आपल्या घराघरांतून बाळाची वाणी स्वच्छ व्हावी म्हणून वेखंड उगाळून चाटवण्याची चाल किती जुनी आहे, हे श्रोत्यांना सांगावयास नकोच.

पश्चिमेकडील उपायांची कथाही अशीच विविध आहे. ग्रीक वक्ता डिमॉस्थेनीस तोंडात गारगोट्या धरून बोलण्याचा अभ्यास करी, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. त्याहून भयंकर गोष्ट १८४१ सालची. डीफेनबाख हा बर्लिनमधील नामांकित शल्यवैद्य. तोतरेपणा जिभेच्या आकुंचनातून होतो असे मानून त्याने रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापून काढण्यास आरंभ केला. त्या काळी भूल देण्याची विद्या अद्याप प्रचारात आलेली नव्हती. काही काळ युरोपात ह्या शस्त्रक्रियेची लाटच आली आणि थोड्याच दिवसांत ओसरली. जीभ दुखरी झाली, तोतरेपणा राहिला.

ज्या व्याधीवर गारगोट्यांपासून सुरीपर्यंत सर्व काही करून झाले, ती विद्यापीठातील अभ्यासाचा विषय केव्हा व कशी झाली, आणि त्या अभ्यासाने कोणते मोल दिले व कोणते घेतले, हे आज मला सांगावयाचे आहे. मी वैद्य नाही वा वाचाशास्त्रज्ञही नाही. इतिहासाची आवड असलेला एक सरकारी सेवक म्हणून ह्या कथेकडे मी ओढला गेलो; कारण एका लहानशा शास्त्राच्या जन्मात ज्ञानाची हाव आणि माणसाविषयीची जबाबदारी ह्यांचा झगडा जितका स्पष्ट दिसतो, तितका मोठ्या शास्त्रांच्या इतिहासातही क्वचितच दिसतो.

युरोपात हा विषय प्रथम वैद्यकाच्या दारातून आत आला. बर्लिनमध्ये हेर्मान गुट्समान ह्यांनी वाणीच्या विकारांना विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठात स्थान मिळवून दिले. व्हिएन्नात एमिल फ्रोशेल्स ह्यांनी त्यासाठी रुग्णशाळा चालवली आणि १९२४ साली त्या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. अमेरिकेत मात्र ह्या शास्त्राचे दोन मातुल होते, वक्तृत्व शिकवणारे अध्यापक आणि मानसशास्त्रज्ञ. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९१४ साली स्मायली ब्लँटन ह्यांनी वाचादोषांची रुग्णशाळा उघडली, आणि त्यांच्याच विद्यार्थिनी सारा स्टिंचफील्ड ह्यांना १९२१ साली तेथे डॉक्टरेट मिळाली.

परंतु योजनापूर्वक, जणू एखाद्या इमारतीचा नकाशा काढावा त्याप्रमाणे हे शास्त्र उभारले गेले ते आयोवा विद्यापीठात. आयोवा हे मक्याच्या शेतांचे राज्य. तेथील पदव्युत्तर शाखेचे प्रमुख कार्ल सीशोअर हे जन्माने स्वीडिश, धंद्याने मानसशास्त्रज्ञ, आणि संगीतातील उपजत गुण मोजण्याच्या कसोट्यांबद्दल प्रसिद्ध असलेले गृहस्थ. वाणीचा विकार कोणा एका विभागाच्या कक्षेत मावणारा नाही, हे त्यांनी ओळखले. वैद्याला ध्वनी ठाऊक नाही, ध्वनिज्ञाला मज्जासंस्था ठाऊक नाही, आणि वक्तृत्वाच्या शिक्षकाला दोन्ही ठाऊक नाहीत. मग एकाच बुद्धिमान तरुणाला मानसशास्त्र, शरीररचना, मज्जाशास्त्र, ध्वनिशास्त्र आणि भाषण ह्या सर्व विभागांतून फिरवून आणले तर? ह्या कल्पनेतून ली एडवर्ड ट्रॅव्हिस हा पहिला विद्यार्थी घडवला गेला. १९२४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढल्याच वर्षी, १९२५ मध्ये, त्या क्षेत्रातील मूठभर मंडळींनी जी छोटीशी अकादमी स्थापन केली, तिचेच आज अमेरिकेतील वाचा, भाषा व श्रवण ह्या विषयांच्या व्यावसायिकांच्या महासंघात रूपांतर झाले आहे.

आयोवातील मनोरुग्णालयाचे संचालक सॅम्युएल ऑर्टन आणि ट्रॅव्हिस ह्यांनी मिळून जी उपपत्ती मांडली, ती ऐकण्यासारखी आहे. ओठ, जीभ, जबडा हे सारे अवयव शरीराच्या मध्यरेषेवर आहेत. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांतून आज्ञा येतात. एक अर्ध प्रमुख असेल तर दोन्ही बाजू एका तालात चालतात. दोन्ही अर्ध तुल्यबळ झाले की एका गाडीला दोन गाडीवान व्हावेत तशी स्थिती होते. डावखुऱ्या मुलाला मारूनमुटकून उजव्या हाताने लिहावयास लावले तर हीच दुही माजते, असे त्यांचे म्हणणे. मग प्रयोग सुरू झाले. जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंतील विद्युत्प्रवाह ट्रॅव्हिस ह्यांनी नोंदून पाहिले. विद्यार्थ्यांचे उजवे हात प्लास्टरमध्ये बांधून त्यांना डाव्या हाताने सर्व व्यवहार करावयास लावण्यात आले. पुढील संशोधनात ही उपपत्ती तिच्या मूळ रूपात टिकली नाही. मात्र तोतरेपणाचे मूळ मेंदूत शोधावयाचे ही दिशा तिने दाखवली, आणि ती आजही सोडलेली नाही.

ह्या विद्याशाखेचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य असे, की तिचे विद्यार्थी बहुधा तिचे रुग्णही होते. कॅन्सस राज्यातील रॉक्सबरी ह्या खेड्यातला वेंडेल जॉन्सन हा तरुण १९२६ साली आयोवात आला तो आपली वाणी सुटावी म्हणून. तेथेच तो शिकला, आपल्या तोतरेपणावरच त्याने एम.ए.चा प्रबंध लिहिला, १९३० साली तो ग्रंथरूपाने निघाला, आणि १९३१ साली तो डॉक्टर झाला. स्वतःला वाचातज्ज्ञाची गरज होती म्हणून आपण वाचातज्ज्ञ झालो, अशा अर्थाचे ते पुढे विनोदाने म्हणत.

जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत जे पाहिले त्यातील काही निरीक्षणे आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवली जातात. एकच उतारा तोतऱ्या माणसाला पाच वेळा ओळीने वाचावयास सांगितला तर प्रत्येक वाचनागणिक अडखळणे कमी होत जाते. आणि जे शब्द अडतात ते पुष्कळदा तेच ते असतात. वाक्याच्या आरंभीचे, लांब आणि अर्थाने भारदस्त शब्द अधिक अडतात. तोच माणूस गाताना अडखळत नाही, दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचताना अडखळत नाही, एकटा असताना बहुधा अडखळत नाही. जॉन्सन ह्यांचे शिष्य ऑलिव्हर ब्लडस्टाइन ह्यांनी तोतरेपणा कमी करणाऱ्या वा थांबवणाऱ्या तब्बल ११५ परिस्थितींची यादी केली. आपल्याकडे अडखळत बोलणारा मुलगा आरती मात्र खड्या आवाजात म्हणतो, ह्याचे नवल करणाऱ्या आयांना ह्या यादीत आपल्या शंकेचे उत्तर सापडेल. जीभ दुबळी असती तर ती गातानाही अडली असती. विकार जिभेत नाही, बोलण्याच्या योजनेत आहे.

आता प्रात्यक्षिक शिक्षणाकडे वळू. कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला रोगाचा अभ्यास करण्यासाठी तो रोग अंगावर घ्यावा लागत नाही. ह्या शाखेत मात्र, ज्याला तोतरेपणा नाही अशा विद्यार्थ्याला मुद्दाम अडखळत बोलण्यास बाजारात पाठवण्याची प्रथा पडली. दुकानात जावयाचे, वस्तू मागताना शब्द अडकवावयाचा, आणि दुकानदाराची नजर, त्याचे हसू, त्याने घाईने पुरा केलेला आपला शब्द, हे सर्व सोसून परत येऊन लिहावयाचे. रुग्णाबरोबर बसण्याचा अधिकार असा कमवावा लागे. पुण्यास जाणारा एखादा प्रवासी ‘प’ अडतो म्हणून मुकाट्याने शिवाजीनगरचे तिकीट का काढील, हे पुस्तक वाचून कळत नाही. तिकिटाच्या खिडकीपुढे मागे रांग खोळंबलेली असताना तोंड उघडे राहिले म्हणजे कळते.

ह्या शिक्षणपद्धतीचे मोठे आचार्य म्हणजे चार्ल्स व्हॅन रायपर. मिशिगन राज्याच्या उत्तरेकडील चँपियन नावाच्या खेड्यात १९०५ साली त्यांचा जन्म झाला. तोतरेपणा इतका तीव्र, की तरुणपणी एका शेतावर काम मिळवताना त्यांनी आपण मुके-बहिरे असल्याचे सोंग घेतले होते. त्या दिवसांतील एक आठवण ते सांगत. वाटेत त्यांना एका म्हाताऱ्याने मोटारीत घेतले. व्हॅन रायपर बोलू लागताच त्यांचे तोंड वेडेवाकडे झाले, आणि म्हातारा हसू लागला. तरुणाला संताप आला. पण तो म्हाताराही तोतराच निघाला. आपणही पूर्वी असेच झगडत असू, पण आता वय झाले, स्वतःशी भांडण्याचे बळ उरले नाही, म्हणून शब्द अडतो तसा अडू देतो, असे त्याने सांगितले. त्याचे अडखळणे सहज होते, ओढाताणीचे नव्हते. व्हॅन रायपर ह्यांच्या उपचाराचे बीज त्या एका प्रवासात आहे. तोतरेपणा टाळण्याची धडपडच तोतरेपणाचा मोठा भाग आहे. तेव्हा न अडखळण्याचा हट्ट सोडून सोप्या रीतीने अडखळावयास शिकावे, हे त्यांचे सूत्र. १९३६ साली कॅलामझू येथील अध्यापक महाविद्यालयात त्यांनी आपली रुग्णशाळा उघडली. आधी आपले अडखळणे ओळखावयाचे, मग त्याची भीती कमी करावयाची, मग ते पालटावयाचे, आणि शेवटी ती सवय स्थिर करावयाची, असा त्यांचा क्रम. १९३९ साली निघालेला वाचासुधारणेवरील त्यांचा ग्रंथ पुढे अनेक आवृत्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला.

त्याच १९३९ सालाला ह्या शास्त्राच्या इतिहासात दुसरेही एक स्मरण चिकटलेले आहे. ते कटू आहे, पण टाळता येणार नाही.

जॉन्सन ह्यांचा विचार असा बनत चालला होता, की लहान मूल बोलावयास शिकताना अडखळणारच; आईबाप त्याला ‘तोतरा’ हे नाव देतात, ते नाव मुलाच्या मनात भीती उत्पन्न करते, आणि त्या भीतीतून खरा तोतरेपणा जन्मतो. व्याधी मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, पालकांच्या कानात सुरू होते, असे हे मत. ते तपासण्यासाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर ह्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्ट येथील अनाथालयातील २२ मुलांवर जानेवारीपासून मेपर्यंत प्रयोग केला. त्यांतील दहा मुले आधीच तोतरी होती, बारा नव्हती. ह्या नीट बोलणाऱ्या मुलांपैकी सहा जणांना, तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे आहेत, अडखळणार असाल तर बोलूच नका, असे वारंवार सांगण्यात आले. परिणाम असा झाला, की ती मुले बोलण्यास कचरू लागली, वर्गात गप्प राहू लागली, कोणी तोंडावर हात धरू लागले. प्रयोग संपल्यावर ट्यूडर ह्यांनी पुन्हा अनाथालयात जाऊन त्यांचा समज दूर करण्याचा प्रयत्न केला. पण कित्येक महिने सांगितलेले असत्य थोड्याशा भेटींत पुसले जात नाही.

प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहिला. तो कधी प्रसिद्ध झाला नाही. जाणत्यांच्या वर्तुळात त्याला ‘राक्षसी अभ्यास’ म्हणत. २००१ साली एका वृत्तपत्राने तो लोकांपुढे आणला, तेव्हा त्या मुलांपैकी जे हयात होते त्यांना आपल्या बालपणाच्या दुःखाचे कारण प्रथमच कळले. विद्यापीठाने त्याच वर्षी क्षमा मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्याने सहा दावेदारांना ९,२५,००० डॉलर देऊन दावा मिटवला. शास्त्राच्या दृष्टीने पाहता त्या प्रयोगाने काहीच सिद्ध झाले नाही. पुढे निकोलिन अँब्रोझ आणि एहूद याइरी ह्या संशोधकांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांतील एकही मूल खऱ्या अर्थाने तोतरे झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे मुलांचे बोलणे गेले, आणि सिद्धान्तही हाती आला नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जॉन्सन हे निर्दय गृहस्थ नव्हते. त्यांनी आयुष्यभर तोतऱ्या माणसांची बाजू घेतली, शेकडो विद्यार्थी घडवले, आणि तोतरा माणूस मनोरुग्ण नव्हे हे जगाला पटवले. पण अनाथ मुलाच्या बाजूने ‘नाही’ म्हणावयास कोणी आईबाप नव्हते, आणि संशोधनाला आधी मुलाच्या हिताची परवानगी लागते असा नियम त्या काळी विद्यापीठांत रूढ नव्हता. एखाद्या कार्यालयात कागदावर सही करणारा प्रत्येक जण सज्जन असूनही निर्णय अन्यायाचा होऊ शकतो, हे शासनात काम करणाऱ्या आम्हा मंडळींना चांगले ठाऊक असते. सज्जनपणा हा नियमाचा पर्याय नाही.

जॉन्सन ह्यांच्या मताचा प्रभाव मात्र दीर्घकाळ टिकला. अनेक वर्षे पालकांना असा सल्ला देण्यात आला, की मूल अडखळले तर त्याकडे लक्षच देऊ नका, तो शब्द उच्चारू नका. आपल्या मताच्या पुष्टीसाठी जॉन्सन असेही सांगत, की अमेरिकेतील बॅनॉक व शोशोनी ह्या आदिवासी जमातींच्या भाषेत तोतरेपणाला शब्दच नाही, म्हणून त्यांच्यात तोतरे लोकही नाहीत. १९८३ साली संशोधकांनी पुन्हा चौकशी केली, तेव्हा त्या भाषेत ह्या विकाराला एक नव्हे, अनेक शब्द असल्याचे आढळले. मूळ चौकशीचा प्रश्नच बहुधा नीट विचारला गेला नव्हता. परभाषेत प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी येथे मार्क ऑन्स्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिडकोंब नावाने ओळखला जाणारा उपचार सिद्ध केला. त्यात शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलाला पालकच शिकवतात: सुरळीत बोललास की शाबासकी, आणि अधूनमधून, अगदी सौम्यपणे, हा शब्द जरा अडला बरे का, अशी दखल. जॉन्सन ह्यांनी ज्याला विष मानले तेच येथे अल्प मात्रेत औषध झाले, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत त्याचा गुण दिसून आला. २०१० साली डेनिस ड्रेना ह्यांच्या संशोधक मंडळाने ह्या विकाराशी संबंधित जनुकांतील बदल प्रथम दाखवले. त्या शोधाचा धागा पाकिस्तानातील कुटुंबांपासून निघाला होता. आज सर्वसाधारणपणे असे मानतात, की शंभरातील सुमारे पाच मुले केव्हा ना केव्हा अडखळतात, त्यांतील बहुतेक सुधारतात, आणि प्रौढांत सुमारे एक टक्का उरतो; त्यांत पुरुष स्त्रियांच्या कितीतरी पट असतात. आईने रागे भरल्यामुळे मूल तोतरे झाले, हा ठपका आता शास्त्र आईवर ठेवीत नाही.

आपल्या देशात ह्या विद्येचा पाया १९६०च्या दशकात घातला गेला. १९६५ साली म्हैसूर येथे केंद्र सरकारने अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था स्थापन केली. म्हैसूरच्या महाराजांनी जागा दिली आणि राष्ट्रपती राधाकृष्णन ह्यांच्या हस्ते १९६६ साली कोनशिला बसली. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याच दशकात ह्या विषयाचे शिक्षण सुरू झाले, आणि १९८३ साली वांद्रे येथे श्रवणविकलांगांसाठी अली यावर जंग ह्यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. १९९२च्या पुनर्वसन परिषद कायद्याने ह्या व्यवसायाला नोंदणीचे बंधन आले. आज पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष सेवेचे असते; पुढे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास. आयोवातील सीशोअर ह्यांचा नकाशा, म्हणजे शरीररचना, ध्वनी, भाषा आणि मन ह्यांची सांगड, ह्या अभ्यासक्रमांत आजही ओळखता येतो.

आपल्या विद्यार्थ्यापुढे मात्र अमेरिकेतील विद्यार्थ्याला न पडलेला एक प्रश्न उभा राहतो. त्याच्याकडे येणारा मुलगा घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा दिल्ली येथील मराठी घरांत तर हे नित्याचेच. तो कोणत्या भाषेत अधिक अडखळतो, कोणत्या भाषेतील उतारा वाचावयास द्यावा, आणि कोणत्या भाषेत त्याला भीती वाटते, हे पाहिल्यावाचून त्याची परीक्षा पुरी होत नाही. त्यासाठी लागणारे उतारे, शब्दसूची आणि मापे आपल्या भाषांतूनच तयार व्हावी लागतात. ती बाहेरून आणता येत नाहीत.

विद्यापीठाने ह्या व्याधीला एक नाव दिले, मोजमाप दिले, आणि उपचाराची शिस्त दिली. त्याबरोबरच नाव देण्यात किती सामर्थ्य असते, हेही त्याने स्वतःच्या चुकीतून शिकून घेतले. ते सामर्थ्य आपणा सर्वांच्या हाती रोजच असते. वर्गात एखाद्या मुलाला ‘तोतऱ्या’ म्हणून हाक मारणारा गुरुजी, रंगभूमीवर अडखळणाऱ्या पात्राला पाहून पोट धरून हसणारा प्रेक्षक, मुलाखतीत उमेदवाराचा शब्द अडताच घड्याळाकडे पाहणारा अधिकारी, हे सर्वजण नकळत त्याच प्रयोगाचा एकेक धडा गिरवीत असतात. त्याला वाक्य पुरे करू द्यावे, त्याचा शब्द आपण हिरावून घेऊ नये, आणि तो कसे बोलतो त्याहून काय बोलतो इकडे कान द्यावा. ह्यासाठी कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही. आणि मूल लहान असेल, अडखळणे काही महिने टिकले असेल, तर वेखंडावर वा नशिबावर विसंबून न राहता जाणत्या वाचातज्ज्ञाकडे वेळीच जावे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी ही विद्या जिवंत माणसांवर चाचपडत शिकावी लागली. तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचे ऋण तिचा नीट उपयोग करूनच फेडता येईल.